घरचंच हवं

मंगळवार, ४ मार्च

ही डायरी टायरवाल्याने दिलेली. ड्रायव्हिंग शिकायला येणाऱ्यांच्या वेळा लिहायला बरी, म्हणून घेतली होती. आज वेळांऐवजी दुसरंच काही लिहायला बसलोय. हे कुणाला सांगता येत नाही आणि न सांगता गप्पही बसवत नाही.

नव्या डॉक्टरीणबाईंनी माझा रिपोर्ट वाचला आणि म्हणाल्या, "नमुन्यात शुक्राणू दिसले नाहीत."

मी म्हटलं, "कमी आहेत का?"

"कमी नाहीत. नाहीतच."

"नाहीत म्हणजे साधारण किती?"

बायकोने माझ्या मनगटावर हात ठेवला, तेव्हा मला कळलं मी काय विचारलं ते.

इतकी वर्षं तपासण्या हिच्याच चालल्या होत्या. गोळ्या हिला, इंजेक्शनं हिला, टेबलावर झोपायचं हिने. मी गाडीने न्यायचो आणि पार्किंग शोधायचो. या बाई हटूनच बसल्या की नवऱ्याची तपासणी झाल्याशिवाय पुढे जाणार नाही. मी हसत हसत दिला होता नमुना. त्या खोलीतून बाहेर येताना नर्सला डोळासुद्धा मिचकावला होता. आठवलं की कानशिलं तापतात.

तिथून सरळ कामावर गेलो. निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचा तास होता. बाई हल्ली छान चालवतात. रस्ता मोकळा, समोर चिटपाखरू नाही, आणि मी माझ्या बाजूचा ब्रेक करकचून दाबला. बाईंचा चष्मा त्यांच्या मांडीत.

"काय चुकलं माझं?"

"काही नाही."

"मग दाबलात का?"

"कुत्रं आडवं आलं."

"कुठाय?"

"गेलं."

घरी बाबा दारातच उभे. "काय म्हणाले डॉक्टर?" मी बुटाची नाडी सोडत होतो. ती सुटता सुटेना. माझ्या आधी बायकोच म्हणाली, "अजून माझ्या दोन-तीन तपासण्या बाकी आहेत, बाबा."

बाबांनी मान हलवली. "जरा खात जा पोरी. अंगावर मूठभर मांस नाही, मूल धरायचं कुठे?"

ती "हो" म्हणाली आणि चहा टाकायला गेली. मला हायसं वाटलं. समजूतदार बायको मिळायला नशीब लागतं.

बुधवार, ५ मार्च

दाढी करताना थांबलो. दाढी कालच्याइतकीच वाढली होती. आवाज तोच. छातीवर केस तेच. बाबा म्हणतात, आमच्या घरातले पुरुष म्हणजे सागाची खोडं. मग खोडाच्या आत काय नव्हतं, हे खोडाला कळू नये?

आज तीन तास घेतले. कुणाला काय शिकवलं ते आठवत नाही.

शनिवार, ८ मार्च

दुसऱ्या तपासणीतही तेच. रक्ताचीही केली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. माझ्या अंगात शुक्राणू तयारच होत नाहीत. दुखण्याने नाही, मार लागून नाही, माझ्या कुठल्या वागण्यानेही नाही. जन्मतःच. छोटं ऑपरेशन करून आत शोधता येतं, पण या प्रकारात काही सापडेल असं त्यांना वाटत नाही.

मग म्हणाल्या, "भाऊ आहे का तुम्हाला? हे कधी कधी भावाभावांत असतं."

मी म्हटलं, "धाकटा आहे. पण त्याला मुलगी आहे चांगली चार वर्षांची." म्हणताना एकीकडे जळलो आणि एकीकडे छाती फुगली. निदान एक तरी खोड शाबूत आहे.

बाई फक्त "अच्छा" म्हणाल्या.

पुढे दोन वाटा सांगितल्या. मूल दत्तक घ्या, नाहीतर दात्याचं बीज घ्या. दाता कोण ते आपल्याला कळत नाही, आपण कोण ते त्याला कळत नाही. सगळ्या तपासण्या झालेल्या असतात. बायको प्रश्न विचारत सुटली. किती वेळा यावं लागतं, दुखतं का, मुलाला कधी सांगायचं. मला तिचा राग आला. एवढं काय विचारायचं त्यात, जणू भाजी घ्यायला आलोय. कुठला कोण परका माणूस, आणि त्याचं मूल मला बाबा म्हणणार? ते रांगायला लागलं की मी त्याच्यात कुणाला शोधू?

गाडीने परत निघालो. सिग्नलला उभा असताना एकदम डोक्यात उजेड पडला. धाकटा! त्याचं घ्यायचं. घरचंच. तेच रक्त, तेच नाक, तीच हाडं. बाबांना कधी सांगायचीसुद्धा गरज नाही. परक्याचा प्रश्नच मिटला!

मी बायकोला तसं म्हणालो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझा आवाज मोकळा निघाला. मागचे हॉर्न वाजवायला लागले तरी मी बोलतच होतो. ती खिडकीबाहेर बघत होती. काही म्हणाली नाही. नाही म्हणाली नाही म्हणजे पटलंच असणार.

रविवार, ९ मार्च

नेहमीप्रमाणे धाकटा, भावजय आणि त्यांची चिमी जेवायला आले. चिमी आली की बाबांच्या अंगात वारं भरतं. आयुष्यभर गोदीत क्रेन चालवलेला माणूस, माल उतरवताना शिव्यांशिवाय बोलायचा नाही, तो हिच्यासमोर घोडा होतो.

आजही तिला मांडीवर घेऊन तिच्या हनुवटीवरच्या खळीवर बोट ठेवलं. "ही बघा. माझ्या आजोबांना होती, वडलांना होती, मला आहे. या दोघा गाढवांना नाही मिळाली. पण नातीने पकडली बरोबर! रक्त लपत नाही."

धाकटा उठून गॅलरीत गेला. बाबांनी खळीचा विषय काढला की तो नेहमीच उठतो. लहानपणापासून लाजाळू. कौतुक झालं की पळायचा.

मी मात्र आज पहिल्यांदा ती खळी नीट बघितली. माझ्या मुलालाही येईल की. एकाच झाडाचं फळ.

बायकोने मला तिसऱ्यांदा वाढू का विचारलं तेव्हा ऐकू आलं.

गुरुवार, १३ मार्च

आल्या आल्या लिहायला बसलोय.

धाकट्याच्या दुकानात गेलो होतो. काचा आणि आरसे. तो मोठ्या टेबलावर तावदान आडवं टाकून काच कापायच्या हिरकणीने रेघ मारत होता. धाकट्याची रेघ म्हणजे रेघ. एकदा ओढली की दोन्ही हातांनी हलका दाब द्यायचा, काच टक् करून सरळ सुटते. काच वाया गेली असं त्याच्या दुकानात होत नाही.

मी दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. रिपोर्ट, डॉक्टरीणबाई, माझ्यात काहीच नाही ते. त्याने हिरकणी खाली ठेवली आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला वाटलं, हा आता उठून मिठी मारतो. त्याचे डोळे भरले होते. शपथेवर सांगतो, भरले होते.

मग मी मागितलं.

म्हटलं, "तू दे. एकदा दवाखान्यात यायचं, तपासण्या करायच्या, बस्स. कुणाला कळणार नाही. मूल माझंच राहील, तू काकाच."

त्याचा चेहरा उतरला. त्याने पुन्हा काच धरली, दाब दिला, आणि ती रेघेवरून न सुटता आडवी फुटली. एक मोठा तुकडा फरशीवर जाऊन चुरा झाला.

"नाही," तो म्हणाला.

"अरे, निदान विचार तर कर."

"विचार करून सांगतोय. नाही."

"का?"

"वहिनीला विचारलंस का?"

"तिची काही हरकत नाही."

"ती म्हणाली तसं?"

मी म्हटलं, तू विषय बदलू नकोस. तर म्हणतो कसा, "दादा, अनोळखी दात्याचं घे. चांगलं असतं. त्याला आजारपण नाही ना ते नीट बघतात. बीज काही महिने गोठवून ठेवतात, पुन्हा तपासतात, मगच वापरतात. आणि पहिल्या खेपेला नाही झालं तर खचून जाऊ नकोस. वहिनीला त्या दिवसांत एकटीला सोडू नकोस."

मला उपदेश! याला काय कळतंय यातलं? कुठेतरी मोबाईलवर वाचलं असणार. स्वतःचं ताट भरलेलं आणि उपाशी माणसाला सांगतोय की पलीकडच्या गल्लीत जा, तिथे मिळेल.

मी म्हटलं, "तुझं काय जातं रे? तुला तर देवाने भरभरून दिलंय."

तो खाली बसून काचा वेचायला लागला. म्हणाला, "जा तू आता. पायाला लागेल."

रविवार, १६ मार्च

आले नाहीत. चिमीला ताप आहे असं कळवलं. खोटं. बाबा दिवसभर गॅलरीतून रस्ता बघत होते.

संध्याकाळी भावजयीचा फोन आला, बायकोला. ती स्वयंपाकघराचं दार लावून बराच वेळ बोलत होती. बाहेर आली तेव्हा डोळे लाल.

"काय म्हणत होती?"

"काही नाही. तुम्ही भाऊजींचा विषय सोडून द्या."

"का?"

"मी सांगते म्हणून."

म्हणजे हीसुद्धा त्यांच्याच बाजूने. या घरात माझ्या बाजूने आहे कोण?

शनिवार, २२ मार्च

बाबांना सांगून टाकलं.

सांगायचं नव्हतं. सकाळी नाश्त्याला ते पुन्हा हिला म्हणाले, "दुसऱ्या डॉक्टरला दाखव. की त्या डॉक्टरांनी हात टेकले?" ही उकडलेल्या अंड्याचं टरफल काढत होती. नखाने एकेक कपची, अगदी सावकाश. काय झालं कुणास ठाऊक, मी ओरडलो, "तिच्यात काही नाही! माझ्यात आहे! म्हणजे माझ्यातच काही नाही!"

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मला लहानपणी वाटायचं, बाबा कशालाच घाबरत नाहीत. क्रेनचा दोर तुटताना त्यांनी बघितलाय. पण आज त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी आधी कधी पाहिलेलं नाही. त्यांनी हळूच विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "दोनदा."

मग न थांबता मी पुढचंही सांगितलं. धाकट्याकडे गेलो, त्याने तोंडावर नाही म्हटलं. बायको मधेच म्हणाली, "अहो, नको." मी तिला गप्प बस म्हटलं.

बाबांचा चेहरा पालटला. इतका वेळ काय करावं ते त्यांना कळत नव्हतं, आता कळलं. त्यांनी फोन उचलला. "उद्या दोघं इथे या. कारणं सांगायची नाहीत."

मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. कुणीतरी माझ्यासाठी भांडणार होतं.

रविवार, २३ मार्च

जसं झालं तसं लिहितो. नाहीतर उद्या मला वाटेल की मी चुकीचं ऐकलं.

दोघंच आले. चिमीला शेजाऱ्यांकडे ठेवून. बाबांनी विचारलं, पोर कुठाय, तर भावजय म्हणाली, "आज नको म्हटलं तिला."

जेवणं झाली नाहीत. ताटं मांडलेली तशीच. बाबा टेबलाच्या टोकाला बसले आणि धाकट्याला म्हणाले, "भाऊ अडचणीत आहे. त्याने तुझ्याकडे पैसा मागितला नाही, घर मागितलं नाही. तुझं काय जाणार होतं?"

"बाबा, मला जमणार नाही."

"का? ही नको म्हणते?"

भावजय म्हणाली, "मी काही म्हटलेलं नाही."

"मग कारण सांग! बापाला सांग!"

धाकटा टेबलावरच्या पाण्याच्या डागावर बोट फिरवत होता. बायको माझ्याकडे बघून मान हलवत होती, थांबवा म्हणून. मी थांबवलं नाही.

बाबांचा आवाज चढला. "नामर्दासारखा खाली मान घालून काय बसलायस? हा बिचारा, त्याच्या हातात नाही. तुझ्या हातात आहे ना? पुरुषासारखी पोर जन्माला घातलीस, माझी खळी घेऊन आलेली—"

"बाबा, पुरे!"

भावजय उभी राहिली होती. ती आमच्या घरात कधी मोठ्याने बोललेली नाही. खुर्ची मागे पडली तिची. तिने ती उचलली नाही.

"यांच्याकडे द्यायला काही नाहीये," ती म्हणाली. "दादांना जे आहे तेच यांना आहे. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी कळलं आम्हाला. असतं तर यांनी दादांवर मागायची वेळ आणली नसती."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि मी दचकलो.

बाबा म्हणाले, "मग चिमी?"

मला वाटलं भावजय सांगेल. पण धाकट्याने मान वर केली. "बीज दात्याचं," तो म्हणाला. "चिमी माझी."

बाबांचा हात स्वतःच्या हनुवटीकडे गेला. तिथे जरासा थांबला आणि त्यांनी तो असा खाली घेतला जणू चटका बसला. मग ते उठले, खोलीत गेले, दार लावून घेतलं.

मी अजून बसलेलाच. माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. भावाभावांत असतं. डॉक्टरीणबाईंनी मला सरळ सांगितलं होतं. मला तेव्हा छाती फुगवायची होती.

धाकटा दारात बूट घालताना म्हणाला, "दादा, मी तुला नाही म्हटलं होतं ना? नाही म्हणजे नाही, एवढं पुरत नाही का तुला?"

त्याचा आवाज चढलेलाही नव्हता.

भावजय बायकोला बिलगली आणि रडली. बायको तिच्या पाठीवर थोपटत होती. मी म्हटलं, "तुला माहीत होतं?"

"फोन आला त्या दिवसापासून," बायको म्हणाली. "विषय सोडा म्हटलं होतं मी तुम्हाला."

सोमवार, २४ मार्च

सगळे तास रद्द केले.

सकाळी बायकोला म्हटलं, "चुकलं माझं. मला काय माहीत की धाकटाही..."

ती कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "आणि भाऊजींना मूल देता येत असतं तर? मग चुकलं नसतं?"

मला प्रश्नच कळला नाही.

"मला कुणी विचारलं?" ती म्हणाली. "तुम्ही सिग्नलला ठरवलंत, हिरवा पडायच्या आत. भाऊजींचं मूल मी नऊ महिने पोटात वाढवायचं. दर रविवारी ते समोर जेवायला बसणार, मी वाढणार. त्यांच्या बायकोने मला भाजी पुढे करायची. मी बघायचं कुठे हो? ताटात?"

मी म्हटलं, "पण घरचंच..."

"घरचं, घरचं. मग मी कुठल्या घरची?"

तिच्या हातातला टॉवेल तिने पिळला, तो आधीच पिळलेला होता. पाण्याचा थेंब पडला नाही, तरी पिळत राहिली.

"इतकी वर्षं बाबा मला बोलतायत. मांस नाही अंगावर, हे खा, ते खा. रिपोर्ट आला त्या दिवशीसुद्धा बोलले. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही नाडी सोडत होतात."

या बाईबरोबर मी सात वर्षं राहतोय. मला वाटलं होतं ती गप्प राहते म्हणजे तिला चालतं.

मी टॉवेलचं दुसरं टोक धरून तो दोरीवर टाकला. तिने टाकू दिला, एवढंच.

रविवार, ३० मार्च

धाकटा फोन उचलत नाही. बाबा जेवायच्या वेळेला बाहेर येतात, परत खोलीत जातात. रविवार असून घर मुकं.

आज मोबाईलमध्ये चिमीचे फोटो बघत होतो. बघता बघता लक्षात आलं की मी शोधतोय. हे कपाळ कुणाचं, हे कान कुणाचे. परवापर्यंत ती चिमी होती, आणि आता मी तिला असं चाळत होतो. मला स्वतःची एवढी घाण वाटली की मोबाईल बंद करून टाकला.

मग वाटलं, मी असा, तर बाबा कसे असतील? ते आता तिला जवळ घेणार नाहीत. या विचाराने माझं डोकं फिरलं. सरळ त्यांच्या खोलीत गेलो. ते पलंगाच्या कडेला बसलेले.

मी म्हटलं, "बाबा, त्या पोरीचा काय दोष? रक्ताचं नाही म्हणून टाकणार का तिला?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मी दुसऱ्याच भाषेत बोलतोय.

"पोरीचं काय मधेच?" ते म्हणाले. "ती माझी नात आहे. तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"मग तुम्ही..."

"अरे, मी दर रविवारी त्याच्या तोंडावर ती खळी नाचवत होतो. दर रविवारी! पोरगं उठून गॅलरीत जायचं. मला वाटायचं, बाहेर जाऊन चोरून सिगारेट ओढतो." त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर आपटले. "आणि परवा त्यालाच मी नामर्द म्हटलं. बायकोसमोर. आता कुठल्या तोंडाने जाऊ त्याच्या दारात?"

मी उभाच्या उभा राहिलो. बाबा रडतात हे मला माहीत नव्हतं. त्यांनाही ते जमत नव्हतं. खोकल्यासारखा आवाज येत होता.

जेवण झाल्यावर ते आपलं ताट उचलून बेसिनपाशी घेऊन गेले. घरात कधी केलेलं नाही त्यांनी हे. बायकोपाशी थांबले. "पोरी, मी तुला इतकी वर्षं..." पुढचं जमेना. तिने ताट घेतलं नाही. म्हणाली, "घासणी त्या बाजूला आहे, बाबा."

त्यांनी ताट घासलं. नीट निघालं नव्हतं. तिने ते नंतर पुन्हा घासलं नाही, तसंच ठेवलं.

शनिवार, ५ एप्रिल

शेवटी मीच दुकानात गेलो. धाकट्याने बघितलं आणि आपलं काम चालू ठेवलं. मी स्टुलावर बसलो. माफी मागायची म्हणून गाडीत तयारी केली होती, ती सगळी विसरलो. नुसतं म्हटलं, "मी हलकट आहे."

"आहेसच," तो म्हणाला. मग हातातली काच बाजूला ठेवून, "काल बाबा येऊन गेले."

"काय म्हणाले?"

"काही नाही. बराच वेळ दारात उभे. मी एकटाच मोठा आरसा चढवत होतो. म्हटलं, ते टोक धरा. त्यांनी धरलं. चढवला आम्ही. मग म्हणाले, चिमी कधी येणार? म्हटलं, परवा रविवार नाही का. एवढंच."

तो हसला. मीही हसायला गेलो आणि हुंदकाच आला. दुकानात सगळीकडे आरसे. जिकडे बघावं तिकडे मीच रडतोय. धाकट्याने दार लावून घेतलं आणि मला पाणी दिलं.

मग मी ते विचारलं जे मला कुणालाच विचारता येत नव्हतं. "तुला कधी वाटतं का रे, ती आपली नाही म्हणून?"

तो हाताला लागलेली काचेची पूड झटकत राहिला.

"झाली तेव्हा मी तिला घेतलंच नाही," तो म्हणाला. "सगळे म्हणायचे, बाप घाबरतोय, लहान जीव आहे म्हणून. मी घाबरत नव्हतो. मला हात पुढे करता येत नव्हता. बायकोला कळत होतं. तिने एकदाही म्हटलं नाही, घे म्हणून."

"मग?"

"मग एकदा बायको आंघोळीला गेली होती आणि हिला उचकी लागली. एवढीशी ती, आणि प्रत्येक उचकीला सगळी उडायची. घरात दुसरं कुणी नाही. मी हाका मारतोय, आतून नळाचा आवाज. काय करू? उचलली. खांद्यावर टाकली, पाठीवर थोपटलं."

"थांबली?"

"कुठली. चांगली दहा मिनिटं चालली. शेवटी माझ्या शर्टावर दूध ओकली आणि झोपली." त्याने खांद्याला हात लावला. "बायको बाहेर आली, म्हणाली द्या इकडे. मी म्हटलं, राहू दे, आत्ता कुठे झोपलीय."

बाहेर गिऱ्हाईक दार वाजवत होतं. आम्ही दोघंही उठलो नाही.

मंगळवार, २९ एप्रिल

या तीन आठवड्यांत मी बायकोला एकच प्रश्न विचारला, तुला काय हवंय, आणि उत्तरासाठी थांबलो. तिला कुणाला थांबवून ठेवायची सवय नव्हती, मला थांबायची नव्हती. मधे एकदा ती म्हणाली, "मूल नकोच असं वाटलं तर?" मी म्हटलं, "तर नको." ते खरं होतं की नाही ते मला अजून माहीत नाही, पण म्हटलं. गेल्या आठवड्यात तिने आपण होऊन सांगितलं की तिला मूल हवंय, दात्याचं चालेल, आणि त्या मुलाला पुढे सगळं खरं सांगायचं. हे शेवटचं ऐकून मला पुन्हा धक्का बसला. खरं सांगायचं म्हणजे चारचौघांत माझंही सांगायचं. दोन दिवस मी तिच्याशी नीट बोललो नाही. मग धाकट्याला फोन केला. तो म्हणाला, "आम्हीही चिमीला सांगणार आहोत. तूही सांगणार असशील तर मला धीर येईल."

आज दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंकडे गेलो. लहानशी खोली, तीन खुर्च्या, भिंतीवर नावेचं चित्र. बाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "दात्याबद्दल तुमच्या काही अपेक्षा? उंची, वर्ण, डोळे? काही जण वडलांशी मिळतंजुळतं मागतात."

मला वाटलं होतं, हा प्रश्न आला की मी फुटेन. बायको माझ्याकडे बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती, मला वेळ देत होती.

मी म्हटलं, "निरोगी असावा."

"बाकी काही?"

"नाही."

बाईंनी बायकोकडे वळून विचारलं, "तुमचं?"

बायकोने गंभीर विचार केल्यासारखा चेहरा केला. मग म्हणाली, "एकच. यांच्यासारखा घोरणारा नको."

समुपदेशक बाईंचं पेन हातातून पडलं. पलीकडच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं, काय झालं म्हणून, कारण एक माणूस गडगडाटी हसत होता. एवढ्या मोठ्याने कोण हसतंय म्हणून मीही दाराकडे बघितलं, तर तो मीच होतो.